दुखणे मुक्कामाला आले असता मन आणि हसू कसे जपावे

गेली चौदा वर्षे मला आमवात आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, बोटे, मनगटे आणि पावले यांचे लहान सांधे बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात, आणि सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठसुद्धा मिटत नाही. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत माणसाला एकट्याने आजारी पडता येत नाही. गल्लीतले, तालमीतले, माहेरचे, सासरचे असे सगळेच विचारपूस करायला येतात आणि निघताना उंबऱ्यात थांबून "मन खंबीर ठेवा, हसत राहा" असे सांगून जातात. त्यांची माया खरी असते. पण हसत राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, दिवसाच्या कोणत्या वेळी करायचे, कुणाबरोबर करायचे आणि हसू येतच नाही त्या दिवशी काय करायचे, हे कुणी सांगत नाही.

ते मला जसजसे कळत गेले तसे येथे लिहीत आहे. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा विकार, कंपवात असे जे आजार बरे होऊन निघून जात नाहीत, त्या सगळ्यांना यातले बरेचसे लागू पडेल. माझे म्हणणे असे आहे की दीर्घ आजारात हसू स्वभावावर सोडून चालत नाही. त्याला वेळ, माणसे आणि मर्यादा ठरवून द्यावी लागते, आणि आजारावरच्या विनोदाचा पहिला हक्क आजारी माणसाचाच असतो.

आधी औषध, मग उमेद

आधी पोटोबा, मग विठोबा अशी आपल्याकडे म्हण आहे. दीर्घ आजारात पोटोबाच्या जागी औषध येते. वेदना आटोक्यात आणण्याची सोय न करता कुणालाही आनंदी राहायला सांगू नये, आणि स्वतःकडूनही तशी अपेक्षा करू नये.

आमवातासाठी बहुतेकांना सुरुवातीला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर ती जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक सोमवारच्या चौकटीत लाल टिंब असते आणि गोळी घेतली की मी त्यावर फुली मारते. या गोळीचा गुण दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात रक्तातील पेशी आणि यकृत यांच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतात. हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की माझे मन आजाराने जेवढे खचले नाही तेवढे या वाट पाहण्याने खचले. गोळीला वेळ लागतो हे मला कुणी नीट समजावून सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. पाचव्या आठवड्यात माझी खात्री झाली की आपल्यावर कोणतेच औषध चालत नाही. मग ओळखीतल्या एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या तालुक्यातल्या एका माणसाकडून पुड्या आणल्या.

पुड्यांनी चार दिवसांत आराम पडला. घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. दोन महिन्यांत चेहरा सुजून गोल झाला आणि आयुष्यात कधी नव्हती ती रक्तातली साखर वाढली. अशा नाव-गाव नसलेल्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते, आणि ते मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. आशा विकत मिळते तेव्हा ती फार गोड लागते. माझ्यासारख्या अडलेल्या माणसाला दोष देण्याआधी त्याला औषधाचे वेळापत्रक कुणी समजावून सांगितले होते का, हे पाहावे असे मला वाटते.

म्हणून उमेद टिकवण्याचे पहिले काम कागद आणि पेन घेऊन करायचे आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना लिहून न्यावे: या औषधाचा गुण किती दिवसांनी दिसेल, तोवर दुखण्यासाठी काय घेता येईल, कोणता त्रास झाला तर वाट न पाहता लगेच फोन करायचा, आणि गुण आलाच नाही तर पुढचे पाऊल कोणते. चौथा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, कारण तो अपशकुनी वाटतो. मला तर त्याच्याच उत्तराने शांत झोप लागली; पुढे आणखी वाट आहे, हे त्यातून कळले.

पाणी किती फुटांवर आहे

डॉक्टर विचारतात, "शून्य ते दहामध्ये दुखणे किती?" मला या प्रश्नाचे उत्तर कधीच देता आले नाही. घरात तर त्याहून अवघड होते. यजमान "कसं वाटतंय?" म्हणून विचारत, मी "बरं आहे" म्हणत असे, आणि तासाभराने हातातून तांब्या निसटला की दोघांनाही एकमेकांचा राग येत असे, त्यांना मी सांगितले नाही म्हणून आणि मला त्यांना दिसले नाही म्हणून.

यावर तोडगा नातवाने काढला, तोही नकळत. कोल्हापुरात पावसाळ्यात प्रत्येक घरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी तोंडपाठ असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथल्या लहान पोरांनाही ठाऊक असते. एका आषाढात यजमान मोबाइलवर पातळी वाचून दाखवत होते, मी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसले होते, आणि नातवाने माझ्याकडे पाहून विचारले, "आजी, तुझं पाणी किती फुटांवर?"

मी विचार न करता म्हणाले, "चाळीस."

तो गंभीरपणे उठला, आईला जाऊन म्हणाला, "आजीनं इशारा पातळी ओलांडली, पोळ्या तू कर." सून हसायला लागली, यजमान हसले, आणि माझे हात त्या पातेल्यात असतानाच मलाही हसू आवरेना. त्या दिवसापासून आमच्या घरात "कसं वाटतंय?" हा प्रश्न जवळजवळ बंद झाला.

त्या आकड्यांना आता घरात ठरलेले अर्थ आहेत. पाणी तीस फुटांच्या खाली असेल तर मी स्वतः कपिलतीर्थ मंडईत जाऊन भाजी आणते. तीस ते एकोणचाळीस असेल तर बसून भाजी निवडणे, लसूण सोलणे, नातवाचा अभ्यास घेणे ही कामे माझी, आणि कणीक मळणे, पोळ्या लाटणे, बादली उचलणे ही इतरांची. एकोणचाळीसच्या वर गेले की त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांना आधी फोन जातो आणि मला कुणी काही मागत नाही. त्रेचाळीस म्हणजे डॉक्टरांना फोन, मग रविवार असो की सण. गेल्या काही वर्षांत त्रेचाळीस मी मोजून पाच-सहा वेळा म्हटले असेल, पण तो आकडा ठरलेला आहे याचाच मला मोठा आधार वाटतो.

या पद्धतीचा गुण असा की मला कण्हावे लागत नाही आणि लपवावेही लागत नाही. दुखण्याची तक्रार रोज ऐकून घरचे थकतात, हे खरे आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही. आकड्याने मात्र कुणी थकत नाही, कारण त्यात काय करायचे तेही सांगितलेले असते. शिवाय मी तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवते. तीन महिन्यांचे आकडे डॉक्टरांपुढे ठेवले तेव्हा औषध बदलल्यापासून पाणी उतरत गेले आहे, हे मला स्वतःला पहिल्यांदा दिसले. रोजच्या रोज जगताना ते जाणवलेच नव्हते. वाईट दिवस लक्षात राहतात आणि बरे दिवस विसरतात, म्हणून ही नोंद मनासाठीही आवश्यक आहे.

प्रत्येक घराने आपल्या ओळखीचे माप शोधावे. आमच्या गल्लीत दम्याचे जुने रुग्ण असलेले निवृत्त एसटी चालक आहेत. ते "आज घाट पहिल्या गिअरवर चढतोय" असे म्हणतात आणि त्यांच्या मुलाला लगेच कळते की आज जिन्याची कामे आपली. मात्र एक काळजी घ्यावी. माझी एक मैत्रीण नदीच्या बाजूला राहते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत तिच्या घरात पाणी शिरले, लेकीच्या लग्नाचे फोटो गेले, जुनी कपाटे गेली. तिच्यासमोर आम्ही हा आकडा कधीच काढत नाही. विनोद आपला असला तरी त्याची सामग्री दुसऱ्याचे दुःख असू शकते.

हसण्याला वेळ नेमून द्यावी

सकाळी दहापर्यंतचा माझा वेळ सांध्यांचा असतो. उठणे, गरम पाण्याने शेकणे, बोटांचे व्यायाम, चहा, गोळ्या. त्या वेळात कुणी मला हसवायला गेले तर मला त्रास होतो, आणि हे मी घरात स्पष्ट सांगितले आहे. तुमच्या आजारातही असा एखादा काळ असेल. डायलिसिसवर असलेल्या माणसाला आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दरवेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहावे लागते आणि त्यानंतर तो गळून जातो; त्या संध्याकाळी त्याच्याभोवती गप्पांचा फड जमवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आधी आपला वाईट काळ ओळखून तो मोकळा ठेवावा आणि मग बऱ्या काळात हसण्याची वेळ ठरवावी.

माझी वेळ दुपारी चारची आहे. गल्लीतल्या आम्ही चौघी आमच्या सोप्यात बसतो. एकीला मधुमेह आहे, एकीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, एक ठणठणीत आहे. पहिली दहा मिनिटे दुखण्याची, असा नियम आहे. ती झाली की तो विषय बंद. हा नियम मोडला की बैठकीचा दवाखाना होतो, हे आम्ही अनुभवले आहे. त्यानंतर प्रत्येकीने आठवड्यात पाहिलेली किंवा ऐकलेली एक तरी गंमत सांगायची. यासाठी मी एक वही ठेवली आहे, कारण गमती घडतात पण दुखणाऱ्या माणसाच्या त्या ध्यानात राहत नाहीत.

वहीतली एक नोंद येथे देते. रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्क शेतकरी होते, पटका बांधलेले, हातात कापडी पिशवी. रक्त घेणाऱ्या मुलाने खाली मान घालून विचारले, "आजोबा, उपाशी आलाय का?" ते म्हणाले, "न्हाई बाळा, एसटीनं आलोय." मुलाला हसू आले, रांगेला आले. आजोबांनी सगळ्यांकडे एकवार पाहिले, प्रश्न त्यांच्या ध्यानात आला, आणि ते म्हणाले, "आता एसटीत कोण जेवाय वाढतंय? उपाशीच आलोय की!" मग ते स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसले. त्या दिवशी रांगेत तासभर उभे राहून माझी पावले सुजली होती, तरी घरी येताना रिक्षात मी हे पुन्हा पुन्हा आठवत होते. रुग्णालयात अशा गोष्टी रोज घडतात. तेथे जाताना वही पिशवीत ठेवावी. मग वाट पाहण्याच्या वेळेत डोळे आपोआप दुसरे काही शोधू लागतात.

एकत्र हसण्याने दुखणे सोसण्याची ताकद थोडा वेळ वाढते, याला प्रयोगाचा आधार आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत काही जणांना विनोदी चित्रफिती आणि काही जणांना साधे माहितीपट दाखवून, रक्तदाबाच्या पट्ट्याचा दाब किंवा हातावरचा गोठवणारा गारवा ते किती वेळ सहन करतात, हे मोजले होते. पोट धरून हसलेल्यांची सहनशक्ती वाढलेली आढळली. हसताना श्वास पुन्हा पुन्हा बाहेर फेकला जातो, त्या श्रमाने शरीरात एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्ये सुटत असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतल्या एका दारातून मेंदूकडे जातात आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते दार कमी-जास्त उघडू शकतात, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच मांडली होती. हसण्याने सांध्यांची झीज थांबत नाही. ते काम औषधाचेच आहे. पण तासभर सुसह्य होणे ही आमच्यासारख्यांना लहान गोष्ट नाही.

विनोद सुचत नसेल तरी अडत नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तेव्हा आधी विनोद सांगितले जात. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, आणि मग ठरवून, श्वासाच्या व्यायामासारखे हसण्याची पद्धत निघाली. ज्यांना मोठ्याने हसायला संकोच वाटत नाही त्यांनी ती करून पाहावी. मला स्वतःला कारणाशिवाय हसणे जमत नाही, आणि ते जमत नसेल तर आपल्यात काही उणे आहे असे कुणी मानू नये. दमा असलेल्यांना जोराच्या हसण्याने धाप लागू शकते, म्हणून इनहेलर जवळ असावा. हर्निया असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराने हसण्याचे व्यायाम करू नयेत. हसताना लघवी सुटण्याची भीती अनेक स्त्रियांना असते आणि त्या त्यामुळे चारचौघींत बसायचेच सोडतात. हा त्रास स्नायूंच्या व्यायामाने आणि उपचारांनी पुष्कळ कमी होतो, तो डॉक्टरांना न लाजता सांगावा.

चेष्टा आणि कुचेष्टा

कोल्हापुरात माणसाची फिरकी घेतल्याशिवाय माया पूर्ण होत नाही. ज्याची चेष्टा करतात तो आपला, असा येथला रिवाज आहे, आणि म्हणूनच दुखावलेल्या माणसाला येथे बोलणे कठीण जाते; बोलले तर "एवढंही चालत नाही का?" असे ऐकावे लागते. पण मराठीनेच चेष्टा आणि कुचेष्टा असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, ते काही उगाच नव्हे.

आजाराच्या चौथ्या वर्षी एका लग्नात मी पंगतीत वाढायला उभी राहिले. माझी वाकडी झालेली बोटे पाहून सासरकडचे एक नातेवाईक मोठ्याने म्हणाले, "आमटीची बादली हिच्या हातात देऊ नका, वऱ्हाड भिजंल." पंगत हसली. मीही हसले, बादली खाली ठेवली, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले. नंतर बरेच दिवस मी विचार करत राहिले की "पाणी चाळीस फुटांवर" यावर मला हसू येते आणि यावर येत नाही, ते का. फरक असा होता की घरातला विनोद आजारावर होता आणि त्याची सुरुवात माझ्या उत्तराने झाली होती. पंगतीतला विनोद माझ्या हातांवर होता, माझ्या संमतीशिवाय होता आणि परक्या माणसांपुढे होता.

त्यावरून आम्ही घरात नियम केला. आजारावर पहिला विनोद आजारी माणसाने करायचा. त्याने केला तर घरच्यांनी त्यात भर घालावी, तो गप्प असेल तर घरच्यांनीही गप्प राहावे. घरातला विनोद बाहेर नेऊ नये. शरीर, रूप, लघवी-शौच आणि दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणे, हे विषय आजारी माणसाने स्वतः काढल्याशिवाय कुणीही काढू नयेत. आणि कुणी मर्यादा ओलांडलीच तर त्याच क्षणी, आवाज न चढवता सांगावे. मी आता म्हणते, "भाऊजी, हे मी म्हटलं तर चालतंय, तुम्ही नका म्हणू." पहिल्यांदा म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. ते नातेवाईक ओशाळले, पण तुटले नाहीत. उलट त्यानंतर ते माझ्याशी अधिक सरळ बोलू लागले.

कंपवाताविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. त्या आजारात चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल कमी होते, त्यामुळे माणूस आतून हसत असला तरी चेहरा निर्विकार दिसतो. ओळखीतल्या एका वहिनींनी याच कारणाने यजमानांना काही सांगायचेच सोडले होते. यांना आता कशातच गोडी राहिली नाही, असे त्यांना वाटे. डॉक्टरांनी खुलासा केल्यावर त्यांनी पुन्हा रोजच्या हकिकती सांगायला सुरुवात केली. एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की गंमत आली की यजमान मांडीवरचे एक बोट दोनदा आपटतात. आता त्या बोटाकडे पाहून बोलतात.

ताकद मोजून खर्च करावी

मन खिन्न होण्याचे एक मोठे कारण म्हणजे बऱ्या दिवशी केलेला अतिरेक. एका दिवाळीत मला हात हलके वाटले, म्हणून मी सोऱ्या घेऊन एकटीने दीड किलो भाजणीच्या चकल्या पाडल्या, आणि लक्ष्मीपूजन अंथरुणातून पाहिले. तेव्हापासून बऱ्या दिवशीसुद्धा मी जमेल त्याच्या निम्मेच काम करते आणि थकण्याआधी बसते. लाटण्याला आणि पळीला कापड गुंडाळून मूठ जाड केली, फिरवण्याच्या नळाऐवजी दांड्याचा नळ बसवला, ओट्याशी उंच स्टूल आणले. अंबाबाईच्या दर्शनाला सणाच्या गर्दीत न जाता आडदिवशी दुपारी जाते, आणि रंकाळ्यावर पूर्ण फेरी मारण्याचा हट्ट सोडून ठरलेल्या बाकापर्यंत जाऊन बसते. फेरी सुटली याचे वाईट वाटायचे ते वाटलेच. ते वाटू द्यावे. गमावलेल्या गोष्टीचे दुःख नाकारून आनंदी राहता येत नाही.

हसू पुरत नाही तेव्हा

आजाराच्या तिसऱ्या वर्षी मी सगळ्यांना हसवत असे. भेटायला आलेला प्रत्येक जण "किती धीराची बाई" म्हणून जाई, आणि मी रात्री तीनला जागी होऊन पंख्याकडे पाहत पडत असे. ते माझ्या मुलीने ओळखले. ती म्हणाली, "आई, तू सगळ्यांशी बोलतीस, पण कुणाला काही सांगत नाहीस." जो आजारी माणूस सतत विनोद करतो त्याच्याकडे घरच्यांनी जरा अधिक लक्ष द्यावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज मन उदास राहिले, आवडत्या गोष्टींत गोडी वाटेनाशी झाली, झोप किंवा भूक बिघडली, आपण घरावर भार आहोत असे वाटू लागले, तर तो स्वभाव नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. दीर्घ आजार असलेल्यांत ते इतरांपेक्षा अधिक आढळते. स्टिरॉइडसारख्या काही औषधांनीही मन बिघडते, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना सांगावे. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर सकाळची वाट न पाहता तेव्हाच फोन करावा आणि घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून घ्यावे. मी सहा महिने औषध घेतले आणि समुपदेशन घेतले. चारची बैठक त्यानंतर सुरू झाली.

सांभाळणाऱ्याचाही आकडा असतो

माझे यजमान चौदा वर्षे सोमवारच्या गोळीची आठवण ठेवत आले आहेत. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मी त्यांना आग्रहाने शाहू स्टेडियमवर पाठवते, तालमीतल्या मित्रांबरोबर ओरडून घसा बसवून ते घरी येतात आणि दोन दिवस त्याच सामन्याविषयी बोलतात. आजारी माणसाजवळ बसून राहण्यालाच सेवा समजणाऱ्यांना हे पटत नाही. पण चोवीस तास सावध राहणारा माणूस काही वर्षांनी चिडका होतो किंवा मुका होतो, आणि मग घरात हसायचे कुणाबरोबर, हा प्रश्न उरतो. सांभाळणाऱ्याला आठवड्यातले काही तास घराबाहेर, आजाराचे नावही निघणार नाही अशा ठिकाणी मिळाले पाहिजेत, आणि ते मिळवून देणे शक्य तेथे आजारी माणसाने स्वतःकडे घ्यावे.

गेल्या वर्षी आणखी एक गोष्ट मी सुरू केली, ती खरे तर पहिल्याच वर्षी करायला हवी होती. रात्री दिवा मालवण्याआधी त्यांनी माझी पातळी विचारली, मी "तेहेतीस" म्हणाले, आणि मग विचारले, "आणि तुमचं पाणी किती फुटांवर?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक्केचाळीस." त्या रात्री मला कळले की त्यांची कंबर दोन महिने दुखत होती आणि मला बादली उचलावी लागू नये म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. आता दिनदर्शिकेवर प्रत्येक तारखेखाली दोन आकडे असतात.